लोकरीला विटाळ नसतो

हिमानीने मानेपाशी शेवटची गाठ मारली आणि लेकीला, अंजूला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभं केलं. अंजू चार वर्षांची. अंगात काळ्या लोकरीचा अंगरखा, गुडघ्यापर्यंत. बाह्या इतक्या लांब की बोटंसुद्धा आत. बटणं प्लास्टिकची म्हणून लावलीच नव्हती. त्याच लोकरीच्या नाड्या. चैत्राचं ऊन सकाळीच अंगणभर झालं होतं. आत अंजूची आजी, शैलजाबाई, सोवळं नेसून पाटावर बसल्या होत्या. रामनवमीचा नैवेद्य व्हायचा होता. गॅस अजून पेटला नव्हता.

शैलजाबाईंचं सोवळं देऊळगावातल्या त्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. पहाटे आंघोळ, आणि मग देवापुढे ताट जाईपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. अंजूला जाग यायची ती नेमकी त्यानंतर. ती अंथरुणातून थेट आजीकडे धावायची आणि रोज तिला दारातच सांगितलं जायचं, दूर हो, मी सोवळ्यात आहे. त्या रागावून म्हणत नसत. पण पोर शिकलं. पुढे पुढे आजी समोर आली की अंजू दोन्ही हात पाठीमागे धरायची, संध्याकाळीसुद्धा. दिवाळीत आजीने लाडू पुढे केला तर म्हणाली, "खाली ठेव, मी उचलते." घरातले सगळे हसले. शैलजाबाईंनी लाडू पाटावर ठेवला आणि त्या माजघरात निघून गेल्या. त्या दिवशी त्या जेवायला बसल्या नाहीत.

लोकरीचं निघालं ते बालाजीच्या देवळात, कीर्तनात. पूर्वरंग संपला होता, बुवा घोटभर पाणी प्यायले आणि बोलता बोलता म्हणाले की, आई बाजूला बसलेली असली की पूर्वी तान्ह्याला लोकरीत गुंडाळून आजीच्या मांडीवर देत. लोकरीला विटाळ नसतो. बायका पदराआड हसल्या, झांजा वाजल्या, कथा पुढे गेली. हिमानी मात्र तिथेच अडकून राहिली. घरी येताना तिने सासूबाईंना विचारलं. खरं आहे, त्या म्हणाल्या, आणि चालता चालताच त्यांनी अटी सांगितल्या. लोकर मेंढीची हवी, पाकिटातली नको. आत सुती कपडा नको.

हिमानीकडे तोवर सगळी पाकिटातलीच लोकर. टीव्ही बघताना ती हौसेने टोप्या विणायची. त्या रात्री तिने त्यातला एक धागा पेटवून पाहिला. तो वितळला आणि त्याचा टणक मणी झाला. मग तिला चाळाच लागला. पडद्याची झालर, नवऱ्याचा मफलर, जुन्या साडीचा काठ, प्रत्येकाचा एकेक धागा काडीवर. केस जळल्याचा वास आला तर लोकर, कागदाचा आला तर सूत. देवेश, तिचा नवरा, म्हणाला की आता घराचा विमा काढून ठेवलेला बरा.

गावाबाहेरच्या शेतात मेंढ्या बसायला आल्या होत्या. तिथल्या चांगुणाबाई धनगरणीकडे हिमानीने कातरलेली लोकर मागितली. "काऊन वो बाई, बजारात सेटर नाही भेटत का?" म्हणत तिने एक पोतं भरून दिलं आणि वर सूत कातायला एक जुनी टकळीही. हिमानीने लोकर रिठ्याने धुतली, कुसळं वेचली, बोटांनी पिंजली. सुरुवातीचं सूत कुठे दोरखंडासारखं, कुठे तुटकं. मग एक दिवस पीळ बरोबर बसला आणि तिच्या बोटांना ते कळलं. तेव्हापासून टकळी तिच्या पिशवीतून निघेना. कुकरच्या शिट्ट्या होईतो, जालन्याची बस येईतो, सूत निघत राहायचं. उंद्रीच्या मामांकडून तिने कापूस मागवला, अंबाडी भिजत घालून तिच्या सालीचा वाख काढून पाहिला. देवेश म्हणे, आता आपल्या घरात फक्त मेंढरू बांधायचं राहिलं आहे. अंगरखा पुरा झाला तेव्हा थंडी कधीच सरली होती.

"ये," शैलजाबाई म्हणाल्या.

अंजूने आईकडे पाहिलं आणि उंबरा ओलांडला. शैलजाबाईंनी तिला मांडीवर ओढून घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. अंजू ताठ बसून राहिली. रडली नाही, हलली नाही. तिच्या कपाळावर घाम फुटला होता. आजीचा हात मानेपाशी गेला आणि थांबला. नाडीखालची कातडी लालभडक झाली होती, बारीक पुरळ उठलं होतं.

"टोचून राह्यलं का गं?"

अंजूने हो म्हणून मान हलवली. मग घाईघाईने म्हणाली, "पण काढू नको. काढलं की तू दूर हो म्हणशील."

शैलजाबाईंनी एकदा देवघराकडे पाहिलं. मग त्यांनी नाड्या सोडायला घेतल्या. घामाने गाठी आवळल्या होत्या. एक सुटेचना, ती त्यांनी दातांनी सोडवली. अंगरखा बाजूला पडला आणि उघड्या अंगाची ती पोर त्यांनी छातीशी धरली. बऱ्याच वेळाने अंजूचे हात हळूच त्यांच्या गळ्याभोवती गेले.

"हिमानी, पाणी तापव," नातीच्या खांद्यावरून त्या म्हणाल्या. "मी परत आंघोळ करते."

हिमानीचा नाद काही सुटला नाही. हल्ली ती कापसाचं सूत काढते आणि ते किती मऊ झालं हे आधी अंजूच्या गालावर लावून बघते. शैलजाबाईंचं सोवळंही पूर्वीइतकंच कडक आहे. फक्त त्या आता रोज सकाळी दोनदा आंघोळ करतात.