वरून थोडं खोबरं

टेबल सांभाळणाऱ्या डोरीनने डबा उघडून सहाही परीक्षकांसमोरून सावकाश फिरवला आणि त्यांच्यातल्या प्रीताला हसूच आलं.

चिकनचे सहा तुकडे, एका मापाचे, चकचकीत. खाली हिरवीगार कोथिंबीर अंथरलेली. इथवर सगळं ठीक होतं. बार्बेक्यूच्या या स्पर्धेत सजावटीला लेट्यूस, पार्सली, केल आणि कोथिंबीर एवढाच पाला चालतो. पण या बहाद्दराने वरून ओलं खोबरं भुरभुरलं होतं, पोह्यांवर घालतात तसं.

कोणीतरी आपल्याकडचा दिसतोय, ती मनाशी म्हणाली. नियम आठवायच्या आधीच हात चालला बिचाऱ्याचा.

न चालणारी सजावट दिसली की दिसण्याला नऊपैकी एक गुण, आणि तिथे दयामाया नाही. बेलव्ह्यूहून विमानाने येऊन प्रीता काही कोणाचे लाड करायला बसली नव्हती. गुणांच्या कार्डावर दोनशे सतरा नंबरच्या डब्यापुढे तिने ठळक एक लिहिला. डब्यावर फक्त नंबर असतो, नाव नसतं.

मग तिने तुकडा उचलला आणि एक घास घेतला.

आधी धूर लागला, मग गूळ. मग मागून हळूच दगडफूल आलं, जरा जास्तच पडलेलं. तिचा घास तोंडातच राहिला. असा गोडा मसाला जगात एकच बाई करायची, प्रीताची आई. तिच्या हातची कृतीची चिठ्ठी फ्रीमाँटच्या घरी फ्रिजवर चिकटवलेली होती. सहा वर्षांपूर्वी नवऱ्यापासून, संग्रामपासून वेगळी होताना प्रीताने सगळं आठवणीने नेलं, ती चिठ्ठी तेवढी मुद्दाम त्याच्याकडे ठेवली. का ठेवली, ते तिने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

संग्राम आणि खोबरं! मागच्या अंगणातल्या शेगडीवरून त्याने काहीही उतरवलं की ती म्हणायची, "वरून थोडं घाल ना रे, पान कसं छान दिसतं." तिने घातलंच, तर तो बोटाने बाजूला सारायचा. "यार प्रीता, पोटात गेल्यावर कोण बघतंय?" त्यांच्यात मोठं भांडण असं एकही झालं नाही. असल्याच बारीकसारीक गोष्टींनी संसार उसवत गेला.

आणि आता हे. कोथिंबीर निवडलेली, एक जाड देठ नाही. खोबरं पांढरंशुभ्र, पाठीचा एक काळा कण नाही. किती वेळ खवत बसला असेल हा माणूस! तंबूच्या कापडापलीकडे, त्या धुरात, तो आत्ता निकालाची वाट बघत उभा असणार. तिला उठून धावत जावंसं वाटलं. पण सगळे डबे संपेपर्यंत परीक्षकाला टेबल सोडता येत नाही.

तिने चवीला नऊ दिले. मऊपणाला नऊ दिले. डोळे पुसायला हाताशी कागदी रुमाल होता, तो बार्बेक्यू सॉसने भरलेला.

"तिखट आहे का फार?" डोरीनने वाकून हळूच विचारलं.

"नाही."

"एखादा आकडा बदलायचा असेल तर आत्ताच बदल. एकदा कार्ड गेलं की गेलं."

प्रीता त्या एककडे बघत राहिली. संसारभर जे मागितलं ते आज समोर आलं होतं, आणि त्याला सगळ्यात कमी गुण तिनेच दिले होते. तिने पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली. "नाही, बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग कारण लिही." डोरीनने एक छोटं कार्ड पुढे सरकवलं. ते डबा पाठवणाऱ्याला मिळतं, परीक्षकाचं नाव मात्र त्यावर नसतं.

प्रीताने इंग्रजीत लिहिलं की खोबरं नियमात बसत नाही. डोरीनने कार्डासाठी हात पुढे केला, तसं तिने बोट वर करून तिला थांबवलं आणि खाली मराठीत दोनच शब्द लिहिले.

मी बघितलं.