चांदीतलं दार

नवरा डेल वारल्यावर व्हर्लीनला रीनो शहर खायला उठलं. त्याने हौसेने जमवलेली कॅसिनोची चांदीची टोकनं विकायची आणि दुपारच्या बसने कायमचं लेकीकडे जायचं, असं ठरवून ती लायमनच्या नाण्यांच्या दुकानात आली.

"यावर दहा डॉलर लिहिलंय ते विसर," लायमन म्हणाला. "कडं पितळेचं, त्याला कोण विचारतो? मधली चकती तेवढी शुद्ध चांदी. वजन करायचं ते तिचंच."

"डेल म्हणायचा, यावर म्हातारपणी राजाराणीसारखे राहू."

"डेल पकडलेला मासाही हातभर लांब करून सांगायचा!"

दोघं हसली. लायमनने एक टोकन तिच्यापुढे धरलं. "बघ, अगदी आरसा."

चकतीत व्हर्लीनचा चेहरा होता, मागे नाण्यांची कपाटं होती. कपाटांच्या मधे दार असायला हवं होतं. तिथे नुसती भिंत होती.

तिने चटकन वळून पाहिलं. दार जागेवर होतं, बाहेर ऊन होतं.

दुसऱ्या टोकनात पाहिलं, तिसऱ्यात पाहिलं. भिंतच.

"पैसे दे रे, निघते मी."

"अगं, कॉफी तरी घे!"

"बस चुकेल माझी."

मिळाले ते पैसे पर्समध्ये कोंबून, ओठांत प्रभूचं नाव घेत ती दाराशी आली. काचेपलीकडे तिची बस उभी दिसत होती. तिने दाराची मूठ धरायला हात घातला, पण बोटं मुठीमागे जाईनात. मूठ दारातूनच, नाण्यावरच्या उठावाच्या नक्षीसारखी वर आलेली होती.

तिने काचेवर हात फिरवला. बसही तशीच उठावाची बोटांना लागली, चांदीसारखी गार आणि टणक.