वाळूतली हाक

“घे की गं नाव! हितं कोण हाय ऐकायला?”

नाथाजी वाळूच्या टेकडीवर उभा राहून ओरडला. खाली दर्या, मागं केवड्याचं बन, माणसाचा कुठं मागमूस नाही. त्याची बायको राही दोन पावलं खाली धापा टाकत थांबली होती. तिनं नाक मुरडलं.

“खेकडं हाईत की,” ती म्हणाली.

दोघं पाटणकडची. पोरगा लढाईवरनं जिता परत यावा म्हणून नाथाजीच्या आईनं दर्याकाठच्या देवीला नवस बोलला होता. तो फेडायला दोघं कुंभार्ली घाट पायी उतरून आलेली. नारळ फोडला, ओटी भरली, आणि मग नाथाजीला ही वाळू दिसली. आफ्रिकेतल्या वाळवंटात वाळूनं त्याला पार रडवलं होतं. आज मात्र राही संगं होती, तर गडी वासरासारखा उधळला.

अंगाची हळद निघायच्या आत तो पलटणीत गेला होता, तो थेट यंदा संक्रांतीच्या आधी घरी आला. तिकडं सगळे नंबरानं हाका मारायचे. साठलेली रजा आता सरत आली होती. पाडवा झाला की निघायचं. त्याआधी राहीच्या तोंडून आपलं नाव एकदा, फक्त एकदा ऐकायचं, एवढंच त्याच्या जिवाला लागून राहिलं होतं. राही कुठली ऐकते! नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं तिच्या मनात पक्कं बसवलेलं.

“ती शेजारची शालूबाई बघ,” नाथाजी म्हणाला. “गल्लीभर बोंबलती, ‘धुळाचं बा, जेवाय चला!’ तिला पोरगा हाय, धुळा. तुझ्याजवळ कोण हाय? तुला माझंच नाव घ्याया पायजे.”

राही लाजली. पदरातली कैरी काढून करकर खाऊ लागली. घाटातनं येताना तिनं पदर भरून कैऱ्या आणल्या होत्या आणि एकीलाही त्याला हात लावू दिला नव्हता.

“बरं, नाव ऱ्हाऊ दे. घसरगुंडी तर खेळ!” नाथाजी बूड टेकून सर्रकन खाली गेला. “ये की!”

“न्हाई बा. मी आपली चालत येती.”

माहेरच्या विहिरीत मुटके मारणारी पोरगी ही! नाथाजीला नवल वाटलं, थोडा रागही आला. थांब, म्हणाला मनाशी, बघतोच आता कशी घेत नाहीस ते.

टेकडीला वळसा घालून तो पलीकडच्या खळग्यात शिरला, आडवा झाला, अंगावर वाळू ओढून घेतली आणि तोंडावर पटका टाकला. लढाईत शिकलेली विद्या बायकोवर चालवायची वेळ येईल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“आवं!” वरनं हाक आली.

नाथाजीनं वाळूत अंग आणखी चोरलं.

“आवं, कुटं हायसा? चेष्टा पुरं झाली!”

तो पटक्यात तोंड दाबून हसला. पण पुढची हाक कापरी आली.

“वाळूत गाडलासा का काय! लय भ्या वाटतंया वो!”

नाथाजीचा जीव कळवळला. उठावं असं वाटलं. पण हट्ट मोठा वाईट. एकदा म्हण, राही, एकदाच, आणि हा बघ आलोच.

राहीला हुंदका फुटला. तो गिळून ती सगळा जीव घशात आणून ओरडली,

“आवं, गुंडाचं बाऽऽ!”

नाथाजी पडल्या जागी चक्रावला. गुंडा? गुंडा नावाचं गल्लीत कुणी नव्हतं, भावकीत नव्हतं. ही बाई हाका तरी कुणाच्या बापाला मारतीय?

तो ताडकन उठला. अंगावरची वाळू भसाभसा गळाली. समोर राही, रडून रडून लाल झालेली.

“कोण गं हा गुंडा?”

राहीनं हातातली अर्धी कैरी त्याच्या छातीवर फेकून मारली. मग पदरानं नाक पुसलं आणि रडता रडताच हसली.

“दसऱ्याला येतुया. तवा त्यालाच इचारा.”