डावा बूट

"घरात ते फुटबॉलचे खिळ्यांचे बूट घालून नाचू नका म्हटलं ना! वरची फरशी फुटेल एखाद्या दिवशी," आई स्वयंपाकघरातून ओरडली.

धाकटी नुकतीच शाळेतून आली होती, दारात दप्तर उतरवत होती. पायांत साधी चप्पल, दोन्ही टाचांवर फोड. "आई, मी आत्ता येतेय."

"मग ताई असेल."

"ताईचा आवाज असा येतो का?"

आईने गॅस बारीक केला. ताई चालायची तेव्हा कुबड्या, पाय, कुबड्या, पाय असं ऐकू यायचं. गेल्या दीड वर्षात घराचे कान त्याला सरावले होते. आई थोडा वेळ छताकडे बघत राहिली.

"नाही गं. दोन पायांचा होता. दुपारभर." मग स्वतःवरच रागावल्यासारखी म्हणाली, "जा वर. चहा झालाय म्हणून सांग तिला."

ताई पलंगाच्या कडेला बसून ओल्या फडक्याने उजव्या बुटाच्या शिवणी पुसत होती. तिच्या विजारीचा डावा पाय गुडघ्याखाली दुमडून पिनेने अडकवलेला होता. तीन दिवसांपूर्वी तिनेच धाकटीच्या हातातून हे बूट ओढून घेतले होते. "नवेकोरे बूट थेट निवडीच्या सामन्यात घालणार? शहाणीच आहेस. पहिल्या दहा मिनिटांत लंगडशील. आण इकडे, आपलं माप एकच आहे. उजवा मी घरात घालून मऊ करते. डाव्यात ओला कागद कोंबून ठेवू, होईल तेवढा होईल."

सामना उद्या होता.

"घालून बघ," ताई म्हणाली.

धाकटीने उजवा घातला. बरा होता, पण करंगळीपाशी अजून आवळत होता. मग डावा घातला, आणि ती थबकली. बूट लोण्यासारखा मऊ झाला होता. पाऊल दुमडतं तिथे चामड्यावर बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. आतून ऊब येत होती, कुणीतरी नुकताच काढून ठेवावा तशी.

तिने तो काढला आणि आत डोकावून पाहिलं. बुटाच्या आतल्या गादीवर पाच बोटांचे खळगे उमटले होते. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याच्या पुढे गेलेलं. धाकटीचा अंगठा सगळ्यांत लांब होता. तिने फरशीवर टेकलेल्या ताईच्या उजव्या पावलाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"ताई, यातला कागद कुठे गेला?"

"काढला. टोचत होता."

"कुणाला?"

ताईने फडकं पिळलं, घडी केली, पुन्हा उलगडलं. "तीन दिवस झाले, दुखला नाही गं," ती म्हणाली. "दीड वर्षात पहिल्यांदा."

काय, ते धाकटीने विचारलं नाही. झोपेत ताईचा हात चादरीच्या सपाट भागावर काहीतरी शोधत फिरायचा, तो तिने पाहिला होता.

"मी जुनेच घालते उद्या."

"जुन्यांचा तळ सुटलाय. हेच घाल. चावणार नाही तुला." मग खिडकीकडे बघत, "मीपण येते उद्या."

अपघाताआधी ताईही खेळायची; त्यानंतर तिने मैदानाचं नाव काढलं नव्हतं. धाकटीला नाही म्हणवेना.

सकाळी ताई मैदानाच्या कडेला बाकावर बसली. कुबड्या तिने बाकाखाली सरकवल्या होत्या. खेळ संपायला पाच मिनिटं उरली तेव्हा चेंडू धाकटीच्या डाव्या अंगाला आला. असा चेंडू आला की ती वळून उजव्यावर घ्यायची. ती वळायला लागलीसुद्धा. डावा पाय तिच्यासाठी थांबला नाही. चेंडू गोलकीपरच्या बोटांवरून वरच्या कोपऱ्यात जाऊन जाळीत अडकला.

सामना संपल्यावर कोचने हातातल्या यादीत तिच्या नावापुढे खूण केली. "तुझा डावा पाय म्हणजे टेबलाचा पाय, नुसता टेकायला. हे कधी शिकलीस?"

"घरी," धाकटी म्हणाली.

तिने बाकाकडे पाहिलं. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. ताई बसूनच होती. घामाने डबडबलेली, छाती भात्यासारखी हलत होती, आणि चेहऱ्यावर असं हसू होतं की धाकटीला ते बघायला आवडलंही आणि बघवलंही नाही. हे हसू घरात कितीतरी दिवस कुणी पाहिलं नव्हतं.

ती धावत बाकापाशी गेली, गवतावर बसली. कधी एकदा हे बूट काढते असं तिला झालं होतं. उजवा ओढून काढला; मोज्यावर रक्ताचा डाग उमटला होता. डाव्याची नाडी सोडण्याइतका धीर तिच्यात उरला नव्हता. तिने उजव्या पायाने डाव्याची टाच दाबून धरली आणि जोर लावून पाऊल वर खेचलं.

"आई गं!"

किंकाळी ताईची होती. ती कमरेत वाकली होती. दोन्ही हातांनी दुमडलेल्या विजारीखालची मोकळी हवा गच्च धरली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

बूट निघाला नव्हता. धाकटीने टाचेवरचा पाय झटकन काढून घेतला.

"नाडी," ताई दातांवर दात दाबून म्हणाली. "नाडी सोड आधी. अशी ओरबाडतात का?"

धाकटीने गाठ सोडली. एकेक छिद्र सैल केलं, बुटाची जीभ पुढे ओढली आणि तो हलकेच, दोन्ही हातांनी, काढून गवतावर ठेवला.

ताईने डोळे मिटले. तिच्या मुठी उलगडल्या.

"हां," ती म्हणाली. "आता जरा वारा लागला."