पिठलं-भात

बागवे काकू पिठलं-भाताचा डबा घेऊन शेजारच्या दारात आल्या, तर आतून फोडणीचा वास येत होता. निर्मला बटाट्याची भाजी परतत होती. तिच्या नवऱ्याला, दिगंबरला, सकाळीच स्मशानात पोचवून माणसं परतली होती.

"अगं, आज घरात गॅस पेटवतात का?"

"भूक लागली, काकू." निर्मलाने दंडावरची निळी पट्टी दाखवली. "दुःख जाणवू नये म्हणून हॉस्पिटलातच लावली. पाकिटावर लिहिलंय, तेरा दिवस निर्धास्त."

"दुःखाचीसुद्धा सोय केली म्हणायची मेल्यांनी!" डबा ओट्यावर ठेवता ठेवता काकूंनाच हुंदका फुटला. "रोज सकाळी जिन्यातून ओरडायचा गं, काकू, कचरा द्या, मी खाली नेतो म्हणून."

निर्मला त्यांच्याकडे बघत राहिली. तिला सगळं आठवत होतं, तो जिना, तो आवाज. छातीत मात्र काही हलत नव्हतं. संसार एकतीस वर्षं तिने केला, आणि रडत होती शेजारीण.

तिने गॅस बंद केला आणि नखाने उचकटून पट्टी काढून टाकली.

"झेपेल का गं तुला?"

"माहीत नाही. पट्टीचा अंमल उतरायला थोडा वेळ लागतो म्हणे. तोवर बसाल माझ्याजवळ?"

काकूंनी ताट वाढलं. दोघी भिंतीला टेकून बसल्या, कुणी यायचं राहिलं असावं तशा. निर्मला गार पिठलं-भात कालवून खात होती. पाचव्या घासाला तिचा हात थांबला.

"काकू," ती म्हणाली, "उद्या कचरा कोण नेणार हो?"