जादा तास

"दोनच दिवस, सर," राजेंद्र म्हणाला. "सोमवारी अकरा वाजता आमची तारीख आहे."

शनिवारची सकाळ होती. सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दारात दोघं उभी होती. राजेंद्र आणि अमृता. एम. ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला होती, अभय सरांचे विद्यार्थी. विवाह नोंदणीची नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर लागली होती. कुणीतरी त्या नोटिशीचा फोटो काढून कन्नड गावी अमृताच्या घरी पाठवला. घरात आरडाओरडा सुरू झाला तशी अमृता मागच्या दारानं निघाली, ती घरातल्या चपलांवरच.

दोघंही कन्नडची. तिचं घर पाटील गल्लीत, त्याचं भीमनगरात. सरांना हे ठाऊक होतं.

"आत या," सर म्हणाले. "पण माझ्याकडंच का आलात?"

"तुम्हीच वर्गात म्हणाला होतात," अमृता म्हणाली. "मनाचं ऐकायचं ठरवलं की जगाची परवानगी मागत बसायची नसते."

सरांना आपण असं कधी म्हणालो ते आठवेना. तरी ऐकायला बरं वाटलं. दोघांना सोफ्यावर बसवून ते गॅलरीत गेले, मागं काचेचं दार ओढून घेतलं आणि अमृताच्या वडिलांना फोन लावला.

आप्पासाहेबांचा आवाज अजिबात चढला नाही. "सुखरूप हाय ना पोरगी? बस्स. तासाभरात पोचतो. तवर तेवढं बसवून ठेवा, सर. लई उपकार होतील."

सरांची बायको सुलेखा स्वयंपाकघरात पोहे परतत होती. तिच्या ओट्यासमोरची खिडकी गॅलरीतच उघडायची.

"कुणाला सांगितलंत?"

"बापाला. त्याला कळायला नको?"

"पोराला मारतील ते."

"आप्पासाहेब तसले नाहीत. सुशिक्षित माणूस आहे. शिवाय आपल्या संस्थेवर आहेत ते. मार्चमध्ये मला कायम करायचं की नाही, हे कोण ठरवणार आहे?"

सुलेखानं गॅस बंद केला. तिनं पोह्यांच्या बशा भरल्या, वर कोथिंबीर घातली आणि ट्रे घेऊन बाहेर गेली. मुलांसमोर उभी राहून तिनं तोंड उघडलं. मग म्हणाली, "लिंबू पिळू का?"

पोहे दहा मिनिटांत संपले. राजेंद्र उठायला लागला. "सर, आम्ही आतल्या खोलीत बसतो. उगाच तुमच्याकडं कुणी आलं तर..."

"बस रे. परीक्षा तोंडावर आलीय तुमची," सर म्हणाले. "रोमँटिसिझम आणि अभिजात साहित्य. हे प्रकरण वर्गात अर्धंच राहिलंय ना?"

दोघं एकमेकांकडं पाहून हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

सर बोलायला लागले. आधी घड्याळाकडं बघत, तुटक तुटक. मग त्यांना सूर सापडला. "अभिजात साहित्याला मर्यादा प्रिय असते," ते म्हणाले. "नायक चुकतो, त्याला शिक्षा होते, जग पुन्हा सुरळीत चालू लागतं. रोमँटिक लेखकानं पहिल्यांदा विचारलं, सुरळीत कुणासाठी? त्यानं राजवाड्याकडं पाठ फिरवली आणि रानातल्या माणसाचं मन मोठं मानलं. लोक हसले. आणि गंमत बघा, त्या हसण्यावारी नेलेल्यांचीच पुस्तकं आज आपण अभिजात म्हणून शिकवतो. म्हणजे बंडखोर जिंकले."

"पण सर, त्यांचे नायक तर बहुतेक मरतात," अमृता म्हणाली.

"मरतात. पण वाकत नाहीत."

राजेंद्रनं पिशवीतून वही काढली होती आणि तो भराभरा लिहून घेत होता. इतकं सुंदर सर वर्गात कधीच बोलले नव्हते. त्यांचा आवाज भरून आला होता. आतल्या दाराशी उभ्या सुलेखाला दिसलं, नवऱ्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आहे. आणि त्याच डोळ्यांनी तो घड्याळही बघतोय.

बेल वाजली तेव्हा सर वाक्याच्या मध्यावर होते.

तिघे जण आत शिरले. कुणी शिवी दिली नाही. दोघांनी राजेंद्रला कॉलर धरून उचललं आणि दाराबाहेर नेलं. जिन्यात पहिला फटका बसला तसं समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं.

सर पुढं झाले. "अहो, इथं नको. लोक बघतायत. खाली न्या."

त्यांनी त्याला खाली नेलं. तिसरा अमृताचं मनगट धरून उभा राहिला.

मागून आप्पासाहेब आले. पांढरा सदरा, कपाळाला गंध. चपला बाहेर काढून ते आत आले आणि त्यांनी सरांचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही फोन केला म्हणून घराण्याची अब्रू राहिली. मास्तर असावा तर असा."

अमृतानं सरांकडं पाहिलं.

खालून राजेंद्रचा आवाज आला. तोंड दाबल्यासारखा, मग एकदम मोकळा. "सर! पोलिसांना फोन करा, सर! लवकर करा!"

आप्पासाहेब कसनुसं हसले.

"चल," मनगट धरलेला माणूस म्हणाला. अमृता निघाली. उंबऱ्यात थांबून मागं वळली. तिचा आवाज अगदी साधा होता, वर्गात शंका विचारावी तसा.

"त्याला कळू देऊ नका, सर," ती म्हणाली. "त्याला वाटतंय, तुम्ही फोन करताय."