सरळ रेघ

रेघ पुन्हा सरळच आली.

बाळाला औषध पाजून झोपवलं होतं. कपाळावर एक आणि दोन्ही कानांमागे एकेक वायर चिकटवली होती, कानांत इवल्या नळ्या बसवल्या होत्या. नळ्यांतून टकटक आवाज सोडायचा. मेंदूने त्याला दिलेलं उत्तर वायरींतून एका डब्यात येतं आणि डब्यातून लॅपटॉपवर. ज्याला ऐकू येतं त्याची रेघ एकामागोमाग एक डोंगर काढत जाते. आदर्शची रेघ मागच्या आठवड्यातही सरळ आली होती. तेव्हा तपासणी करणारी भैरवी त्याच्या आईबापांना बोलून गेली होती, "मशीनमध्येही दोष असू शकतो."

ती खोटं बोलली नव्हती. डबा तिने स्वस्तातला घेतला होता आणि त्याच्या कुरबुरी चालूच असायच्या. पण सौरव आणि ऋतिका ते एक वाक्य घेऊन नंदगडला गेले आणि आठवडाभर सगळं घर त्याच्यावर जगलं. आज ते मुलाला तपासायला आलेच नव्हते, मशीन दुरुस्त झालेलं बघायला आले होते. सौरवने दारातच विचारलं, "मॅडम, दुरुस्तीवालं आल्यात न्हवं?"

दुरुस्तीवाला धवल आला होता, आणि त्याने मनापासून दोष शोधला. खडेबाजारातल्या ज्या जुन्या इमारतीत भैरवीचा दवाखाना होता, तिचं अर्थिंग भरवशाचं नव्हतंच. त्याने चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर घेतला. ट्यूबलाइट घालवली, पंखा बंद केला, वायरी बदलल्या. दर वेळी रेघेची थरथर कमी होत गेली, आणि दर वेळी ती आणखी सरळ झाली.

"तेलामुळं असंल," ऋतिका एकदम म्हणाली. "डोकं धुऊन आणा म्हणालासा. धुतलंतं. पर भाईर जायचं म्हणून निघताना परत टाळू भरली मी. माझंच चुकलं."

बाळाची टाळू तेलाने भरल्याशिवाय त्याला उंबऱ्याबाहेर काढणं तिच्याच्याने झालं नसतं. चूक सांगताना तिचा चेहरा उजळला होता. ती आपलीच निघावी, एवढंच तिला हवं होतं. भैरवीने स्पिरिटच्या बोळ्याने बाळाचं कपाळ आणि कानांमागची जागा घासून पुसली, वायरी पुन्हा चिकटवल्या. त्या नीट बसल्याचं लॅपटॉप दाखवत होता. रेघ सरळ.

मग धवलने बॅगेतून दुसरा डबा काढला. हा भारीतला होता, भैरवीने घ्यायचा टाळलेला. त्याने तो जोडला. टकटक सुरू झाली आणि संपली.

खाली पोलिसाची शिट्टी वाजली. गाड्या उचलायला लागले होते. "ह्योबी डबा खराब दिसतोय," मोटरसायकलची किल्ली घेत सौरव म्हणाला. "गाडी लावून येतो, तवर दुसरं कायतरी बघा." आणि तो जिना उतरून गेला.

"माझ्या डोक्याला लावून बघा की," ऋतिका म्हणाली. "माझीबी सरळच येतीया का न्हाय बघा."

भैरवीला हे टाळायचं होतं. पण नाही म्हणायला काही कारण सापडेना. तिने बाळाला मांडीवर घेतलं. ऋतिका त्याच्या जागेवर आडवी झाली, आणि धवलने त्याच वायरी, त्याच नळ्या, तोच डबा तिला लावला. तिने डोळे मिटले. सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल पडला.

रेघ आधी नुसती थरथरली. मग हळूहळू तिच्यातून एक डोंगर वर आला, त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. कॉलेजात शिकवायला फळ्यावर काढतात तशी ती रेघ होती. टकटक थांबल्यावर ऋतिकाने डोळे उघडले आणि मान वळवून लॅपटॉपकडे बघितलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

वायरी तिने स्वतःच ओढून काढल्या. उठून भैरवीच्या मांडीवरचं बाळ घेतलं.

"मशीन बरं हाय की ओ," ती म्हणाली.

भैरवी पुढच्या उपचारांचं सांगू लागली. करण्यासारखं पुष्कळ असतं, धीर सोडू नका, असं ती बोलत राहिली. ऋतिका मान हलवत होती, पण तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

तेवढ्यात सौरव जिना चढून आला. दारातच त्याची नजर लॅपटॉपवर गेली आणि तो थांबला. मग स्टुलावर बसून त्याने बाहीने डोळे पुसले.

"आलं व्हय," तो म्हणाला. "मी म्हणतच व्हतो. डब्याचाच दोष."

"सौरव, थांबा जरा, ती रेघ..." भैरवी म्हणाली. पण त्याने फोन कानाला लावला होता, आणि दुसरा हात वर करून तो तिलाच थांब म्हणत होता.

"आप्पा, ऐकू येतंय आदर्शाला. मशीनच खराब व्हतं."

पलीकडे त्याचे वडील काही वेळ नुसते हुंदके देत राहिले. मग म्हणाले, "त्येच्या कानाला लाव रं फोन. मी हाक मारतो."

सौरवने उठून फोन बाळाच्या कानाशी धरला. पंखा बंद होता. नंदगडहून आलेली हाक त्या खोलीत सगळ्यांना स्वच्छ ऐकू आली. "आदर्शा, ए आदर्शा." ऋतिका मुलाला छातीशी धरून भिंतीकडे बघत उभी होती.

"गाढ झोपलाय, आप्पा," सौरव म्हणाला. "जरा मोठ्यांदा मारा."